बिल्ला कुणाचा, वॉर्ड कुणाचा? रुग्णालयातल्या निष्ठेचा हिशेब

१९ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी राज्यभर बेमुदत काम बंद केलं. परिचारिका, औषधनिर्माते, समुदाय आरोग्य अधिकारी, डेटा एंट्रीवाले, सगळेच त्यात होते. मुख्य मागणी अशी, की दहा वर्षं सेवा झालेल्यांना कायम करा. त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या एका निवृत्त काकांनी पेपर खाली ठेवत एकच वाक्य टाकलं, "पूर्वीसारखी निष्ठा राहिली नाही हो लोकांत."

काकांचं वाक्य डोक्यात राहिलं. निष्ठा म्हणजे काय, आणि कुणाशी? दहा वर्षं तात्पुरत्या आदेशांवर त्याच उपकेंद्रात येत राहिलेली आरोग्यसेविका निष्ठावान म्हणायची, की शेवटी एकदा तिनं काम थांबवलं म्हणून बेइमान? बाँडचे, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या कराराचे, पैसे भरून सरकारी नोकरी सोडणारा डॉक्टर दुसऱ्या गावात तीच शस्त्रक्रिया तितकाच जीव ओतून करत असेल, तर त्याच्या खात्यावर काय लिहायचं?

या गोष्टीवर गेली साठ-पासष्ट वर्षं शास्त्रशुद्ध अभ्यास होत आला आहे. मराठी पुस्तकांत त्याला 'संघटनात्मक बांधिलकी' असं भारदस्त नाव आहे. पण आपल्याकडे 'संघटना' म्हटलं की पहिली युनियन आठवते, आणि मग अर्थ बरोबर उलटा लागतो. म्हणून मी नुसतं 'बांधिलकी' म्हणेन. माणूस ज्या संस्थेत काम करतो तिच्याशी त्याला जोडून ठेवणारा धागा, एवढाच त्याचा अर्थ.

एका चाळीतले तीन शेजारी

गिरगावातली एखादी जुनी चाळ घ्या. पहिल्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं चाळीस वर्षं राहताहेत. पहिल्या घरातल्या बाईंना चाळ सोडवत नाही, कारण त्यांचा जीव इथं आहे. गणपतीची आरास असो की कुणाचं बाळंतपण, त्यांच्यावाचून पान हलत नाही. दुसऱ्या घरातल्या गृहस्थांना चाळ मुळीच आवडत नाही. संडास बाहेर, जिना मोडका. पण पागडीची खोली आहे, भाडं नाममात्र आहे आणि या भावात मुंबईत दुसरीकडे कोनाडासुद्धा मिळणार नाही. तिसऱ्या घरातला मुलगा राहतो कारण खोली वडिलांनी घेतली, आई इथंच गेली, आणि आपण सोडून गेलो तर बरं दिसणार नाही असं त्याला वाटतं.

रात्री रस्त्यावरून पाहिलं तर तिन्ही खिडक्यांत दिवे दिसतात. तिघंही 'टिकलेले' आहेत. जिना कोसळला की मात्र फरक कळतो. पहिल्या बाई वर्गणी गोळा करायला निघतात, दुसरे गृहस्थ मालकाला नोटीस पाठवतात आणि तिसरा मुलगा मान खाली घालून आपला वाटा देतो.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे नेमके असेच तीन पदर मांडले. राहावंसं वाटतं म्हणून राहणं, ही ओढ. सोडणं परवडत नाही म्हणून राहणं, ही अडक. राहायला हवं असं मन सांगतं म्हणून राहणं, हे ऋण. (नावं माझी, त्यांची इंग्रजी नावं बरीच जड आहेत.) एकाच माणसात तिन्ही पदर असतात, प्रमाण तेवढं वेगळं असतं.

यातला अडकीचा पदर आधीपासून माहीत होता. हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९६० मध्येच सांगितलं होतं की माणूस नोकरीत असताना तिच्या आजूबाजूला नकळत अनेक छोट्या पैजा लावत जातो. ज्येष्ठता, भविष्यनिर्वाह निधी, क्वार्टर, मुलांची शाळा, शेजारचा ओळखीचा किराणावाला. नोकरी सोडली की या सगळ्या पैजा हरल्या. पंधरा वर्षं झालेली सिस्टर "आता कुठं जाणार?" म्हणते, तेव्हा ती हाच हिशेब बोलत असते.

पुढे २००२ मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. नोकरी सोडण्याचा विचार तिन्ही पदर थोडाफार रोखतात. पण काम नीट करणं, हजर राहणं, नेमून दिलेल्या कामापलीकडे हात लावणं, याच्याशी ओढीचं नातं सगळ्यात पक्कं निघालं. अडकीचं चांगल्या कामाशी नातं जवळजवळ नव्हतंच, काही ठिकाणी तर उलटं होतं. म्हणजे अडकलेला माणूस खुर्चीवर दिसतो, कामात दिसेलच असं नाही. सरकारी कार्यालयाच्या खिडकीसमोर उभं राहिलेल्या कुणालाही हे शोधनिबंधावाचून ठाऊक आहे, पण आकड्यांनी सिद्ध झालं हेही बरंच.

डॉक्टर: घराणं एक, सभागृहं अनेक

रुग्णालय म्हणजे एक संस्था असं आपण म्हणतो, पण आतल्या प्रत्येक गटाची गाठ वेगळ्या खुंटीला असते.

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयांत तज्ज्ञ डॉक्टरांची 'अटॅचमेंट' असते. सकाळी एका ठिकाणी ओपीडी, दुपारी दुसरीकडे ऑपरेशनं, संध्याकाळी स्वतःचं क्लिनिक. अशा डॉक्टरला "तुमची बांधिलकी कुणाशी?" असं विचारणं म्हणजे गवयाला "तुम्ही कुठल्या सभागृहाचे?" असं विचारण्यासारखं. त्याची निष्ठा घराण्याशी असते. शल्यचिकित्सकाचं घराणं म्हणजे त्याचं शास्त्र, त्याचे गुरू, देशभरचे त्याच शाखेतले सहकारी.

अल्विन गोल्डनर या समाजशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये याच फरकावर बोट ठेवलं होतं. काही माणसं 'स्थानिक' असतात, त्यांचं जग म्हणजे त्यांची संस्था. काहींची नजर बाहेरच्या व्यवसायबंधूंकडे असते, संस्था त्यांच्यासाठी फक्त मुक्काम. मेयर-ॲलन यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९९३ मध्ये कॅनडातल्या परिचारिका आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला. त्यातही दिसलं की व्यवसायाशी असलेली बांधिलकी आणि संस्थेशी असलेली बांधिलकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक भरपूर असून दुसरी शून्य असू शकते.

निवासी डॉक्टरांची गोष्ट आणखी वेगळी. पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षं, त्यानंतर निघायचंच, हे पहिल्या दिवशीच माहीत. त्यांची गाठ असते ती 'युनिट'शी, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या तुकडीशी, आणि युनिटच्या बॉसशी. तरीही सरकारी रुग्णालयाची रात्र याच मुलामुलींच्या खांद्यावर असते. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नसावी असं लिहिलेलं आहे. कुठल्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा, चहा सांडेपर्यंत हसतील.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात जमावानं एका निवासी डॉक्टरला बेदम मारहाण केली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. तेव्हाही 'निष्ठा' हा शब्द बराच वापरला गेला. त्यांची मागणी मात्र साधी होती. रात्री वॉर्डाच्या दाराशी कुणीतरी उभा हवा. 'आम्ही संस्थेसाठी उभे राहतो, संस्था आमच्यासाठी उभी राहते का?' असा तो प्रश्न होता, आणि त्याच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

सिस्टर: वॉर्डाशी लग्न, बदलीशी भांडण

वडिलांना घेऊन मी एका जिल्हा रुग्णालयात अकरा रात्री काढल्या आहेत. त्या काळात डॉक्टर राउंडला दिसायचे, सिस्टर मात्र सतत असायच्या. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या, आणि पाळी बदलताना हँडओव्हर, "बेड नंबर नऊला सलाइन संपत आलंय, चौदाच्या आजी रात्री उठून चालायला लागतात." नऊ नंबर, चौदा नंबर, पण आजींचं नाव त्यांना माहीत होतं, आणि आजींना नातवाची आठवण आली की रडू येतं हेही.

परिचारिकेची ओढ बहुतेक वेळा 'रुग्णालय' नावाच्या इमारतीशी नसतेच. ती वॉर्डाशी असते. माझा वॉर्ड, माझी ट्रॉली, माझ्या मुली. म्हणून वॉर्डाबाहेर बदली झाली की पगार तोच, इमारत तीच असूनही माणूस उदास होतो. कागदावर ती फक्त खात्यांतर्गत फेरफार असते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असायला हवी, सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक. वडिलांच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर होती आणि खाटा मोजायला मी उठले नाही, कारण जमिनीवरही रुग्ण होते.

त्यात आणखी एक भेग आहे. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. म्हणजे एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, एकाच पदावर दोन सिस्टर शेजारी शेजारी उभ्या असतात. एकीला निवृत्तीनंतर ठरलेलं निवृत्तिवेतन, दुसरीला, निदान २०२४ मध्ये नवा पर्याय येईपर्यंत, बाजारावर अवलंबून असलेला फंड. बेकरच्या भाषेत एकीच्या पैजा भक्कम, दुसरीच्या डळमळीत. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, त्यात परिचारिकाही होत्या. त्याआधी मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतामार्फत, म्हणजे कंपनीच्या कंत्राटावर, परिचारिका भरायला विरोध म्हणून परिचारिकांनी आंदोलन केलं. कायम असलेल्या सिस्टर कंत्राटी भरतीविरुद्ध का लढतात, असं अनेकांना वाटलं. वॉर्ड आपला मानणारी बाई त्यात रोज नवी, तात्पुरती माणसं येणार म्हटल्यावर गप्प कशी बसेल?

खाजगी रुग्णालयात चित्र उलटं दिसतं. तिथं अडकच फार पातळ असते, पगार कमी आणि दोन वर्षांचा अनुभव जमला की आखात किंवा इंग्लंडची वाट मोकळी. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाजगी परिचारिकांच्या पगाराची दखल घेतली. त्यातून नेमलेल्या केंद्रीय समितीनं सुचवलं की २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेचा पगार राज्य सरकारच्या परिचारिकेइतका असावा, आणि ५० खाटांपेक्षा लहान ठिकाणीही २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावा. तुमच्या शेजारच्या नर्सिंग होममधल्या मुलीला हळूच विचारून पाहा.

मावशी आणि मामा: बिल्ला बदलतो, झाडू तोच

वॉर्डातल्या मावशी, स्ट्रेचर ओढणारे मामा, सफाई कामगार. अभ्यासकांच्या प्रश्नावल्या यांच्यापर्यंत फारशा पोचत नाहीत, आणि नेमकी इथंच गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची आहे.

जे कायम आहेत त्यांच्यापाशी अडकीचा एक खास महाराष्ट्री प्रकार सापडतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. म्हणजे इथं पैज फक्त स्वतःची नाही, मुलाचीही लागलेली. गुडघे दुखत असले तरी निवृत्तीपर्यंत नोकरी सोडायची नाही, कारण ती घरातल्या पुढच्या माणसाला द्यायची आहे. हिला निष्ठा म्हणा किंवा नका म्हणू, पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामाला जुंपून ठेवणारी ही तरतूद जातीच्या इतिहासापासून वेगळी काढून वाचता येत नाही, एवढं मात्र म्हणावंच लागेल.

हल्ली मात्र बरीचशी सफाई ठेकेदाराकडे गेली आहे. अशा मावशीचा मालक कोण? गणवेश कंपनीचा, बिल्ला कंपनीचा, पगार कंपनीचा. पण रागावते हेड सिस्टर, शाबासकी देतो रुग्णाचा मुलगा, आणि घाण साफ होते ती सरकारी फरशीवर. अशा दुहेरी धन्याच्या कामात बांधिलकी कुणाशी, हा प्रश्न मानसशास्त्राचे लोकही सावधपणेच हाताळतात. ठेका संपतो, नवी कंपनी येते, जुनी बाई तीच राहते. फक्त तिची ज्येष्ठता दर वेळी शून्यापासून सुरू होते.

वडिलांच्या वॉर्डातल्या मावशींच्या हिरव्या कोटावर एका कंपनीचं नाव होतं. मी ते वाचून विचारलं, "या कंपनीत किती वर्षं झाली?" त्या म्हणाल्या, "कंपनीत आठ महिने. इथं नऊ वर्षं."

प्रयोगशाळा, क्ष-किरण आणि औषधालयातल्या मंडळींबद्दल थोडंच सांगते. त्यांची गाठ यंत्राशी आणि कौशल्याशी असते. मशीन चांगलं असेल तर ते खूश, रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, संपले की चिडचिड, आणि रुग्णालयाच्या राजकारणापासून दोन मजले लांब.

आशाताई: गावाची निष्ठा, तुकड्यावर मोबदला

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्याबरोबर 'आशा' आली. साधारण हजार लोकवस्तीला एक. तिची निवड करताना पहिली अट अशी, की ती त्याच गावात राहणारी हवी. सरकारला पगाराआधी तिची गावाशी असलेली ओढ हवी होती. लग्न होऊन आलेली सून, जिला प्रत्येक घरातली गरोदर बाई माहीत आहे, जी रात्री दोनला दार ठोठावलं तरी उठते.

या कल्पनेला मजबूत पाया होता, आणि तो आपल्याच मातीतला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळांचे मृत्यू लक्षणीय घटले. १९९९ मध्ये हे काम जगापुढे आलं आणि पुढे देशभरातल्या आशांच्या गृहभेटींत उतरलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. सहा भेटी, वजन, ताप, नाळ, आईचं दूध. या सगळ्याचे २५० रुपये.

तिला 'वेतन' मिळत नाही, 'मोबदला' मिळतो. ती 'कर्मचारी' नाही, 'स्वयंसेविका' आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. त्यानंतरही महाराष्ट्रातल्या आशांना आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना २०२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या आझाद मैदानावर आठवड्यांमागून आठवडे बसावं लागलं, तेव्हा राज्यानं आशांच्या मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ केली.

तीन पदरांच्या भाषेत सांगायचं तर व्यवस्थेनं आशाताईची ओढ आणि ऋण गृहीत धरलं आणि तिच्या बाजूची पैज मात्र एकही लावली नाही. निवृत्तिवेतन नाही, पक्का महिना नाही. आणि ती ज्याच्याशी बांधलेली आहे ते गाव आहे, आरोग्य खातं नव्हे. म्हणून आझाद मैदानावर बसलेली आशा एकीकडे फोनवर गावातल्या बाळंतिणीला "कळा सुरू झाल्या की १०८ ला लाव" असं सांगत असेल, तर त्यात विसंगती काहीच नाही.

"संप करतात, मग निष्ठा कसली?"

काकांचा आक्षेप हाच. पण चाळीचं उदाहरण पुन्हा घ्या. जिना दुरुस्त करा म्हणून मालकाविरुद्ध मोर्चा कोण काढतं? ज्यांना चाळ उद्या सोडायची आहे ते नाही. ज्यांना राहायचं आहे तेच. 'कायम करा' ही मागणी म्हणजे 'मला इथंच राहायचं आहे, तुम्हीही मला आपलं म्हणा' असं म्हणणंच असतं. ज्याची ओढ संपली तो मोर्चात येत नाही. तो गुपचूप दुसरीकडे मुलाखत देऊन येतो.

संपाने रुग्णाचे हाल होतात, हे खरं, आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. बाळंतपणाला आलेल्या बाईला त्या दिवशी तत्त्वज्ञान नको असतं. पण हाल झाले यावरून 'निष्ठा नाही' हा निष्कर्ष निघत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत केली की दोन्हींची उत्तरं चुकतात.

"पगार वाढवा, प्रश्न मिटला"

पगार हवाच. २५० रुपयांत सहा भेटी ही लाज आहे. पण पगार मुख्यतः अडक वाढवतो, ओढ वाढवतो असं नाही. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचं पाहा. उपकेंद्रावर नेमलेल्या या अधिकाऱ्यांना महिन्याला २५,००० रुपये निश्चित आणि कामगिरीच्या निर्देशांकांवर आणखी १५,००० पर्यंत, अशी रचना ठरवली गेली. कागदावर हुशार दिसते. प्रत्यक्षात पोर्टलवर भरायचे आकडे आणि समोर बसलेली मधुमेहाची आजी यांच्यात ओढाताण सुरू होते. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात तिच्याकडे माणसाची मान वळते, हा त्याचा दोष नव्हे. मोजमाप करणाऱ्याने विचार करायला हवा होता.

"बाँड घाला, जातील कुठं?"

महाराष्ट्रात अनेक वर्षं नियम असा राहिला, की सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सक्तीची सेवा, नाहीतर १० लाख रुपये दंड. पदव्युत्तरला ५० लाख. हेतू समजण्यासारखा आहे. जनतेच्या पैशांवर शिकलात, थोडं परत करा. हे ऋणाचं बोलणं झालं. पण दंडाची रक्कम लावली की ऋणाचं रूपांतर अडकीत होतं, आणि मग मुलगा दिवस मोजत बसतो. शिवाय ज्याच्या वडिलांकडे दहा लाख असत तो सुटायचा, नसत त्याला राहावं लागायचं.

मला वाटतं बाँड पूर्ण रद्द करावा असं म्हणणंही घाईचं आहे. दुर्गम तालुक्यात एक डॉक्टर वर्षभर का होईना असणं आणि मुळीच नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण त्या वर्षात त्याला राहायला क्वार्टर, चालणारं ऑक्सिजन मशीन आणि फोन उचलणारा वरिष्ठ मिळाला, तर काहीजण दुसऱ्या वर्षीही थांबतील. ते मिळालं नाही, तर बाँड एका उमेद असलेल्या मुलाला कायमचा सरकारी सेवेचा वैरी बनवून परत पाठवतो.

"व्रत आहे ना, मग मोबदल्याची भाषा कशाला?"

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण ते गोड आहे. 'सेवा', 'व्रत', 'देवदूत' हे शब्द प्रामुख्यानं बायका करत असलेल्या कामाला लावले जातात, आणि लावले की पगाराचा विषय काढणं अशिष्ट ठरतं. कोविडच्या काळात आपण थाळ्या वाजवल्या. त्याच काळात तीन-तीन महिन्यांच्या आदेशावर घेतलेल्या अनेक परिचारिकांना लाट ओसरताच घरी पाठवलं गेलं. ऋण हे दोन्ही बाजूंनी चालतं. एका बाजूनंच फेडत राहायचं असेल तर त्याला मराठीत दुसरा शब्द आहे, वेठबिगार.

मग माणसं थांबतात कशानं?

१९८० च्या सुमारास अमेरिकेत परिचारिकांचा भीषण तुटवडा होता. तेव्हा तिथल्या परिचर्या क्षेत्रातल्या लोकांनी प्रश्न उलटा केला. सोडून का जातात हे सगळेच विचारताहेत, आपण पाहू या की काही रुग्णालयांतून त्या सोडून का जात नाहीत. १६३ रुग्णालयं तपासून १९८३ मध्ये त्यांनी ४१ निवडली आणि त्यांना 'चुंबक रुग्णालयं' म्हटलं. त्यांच्यात समान काय निघालं? परिचारिकेच्या मताला रुग्णाच्या उपचारात किंमत होती. हेड नर्स आपल्या माणसांच्या पाठीशी उभी राहत होती. डॉक्टर आणि परिचारिका एकमेकांशी बोलत होते, ओरडत नव्हते. आणि पाळ्या लावताना माणसाच्या घराचा विचार होत होता. पुढे १९९४ मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा रुग्णालयांत रुग्णांचा मृत्युदरही तुलनेनं कमी होता. तेव्हा हा विषय फक्त कर्मचाऱ्यांच्या मनाचा नाही. खाटेवर झोपलेल्या माणसाचा आहे.

इथं मघाचा धुळ्याचा प्रश्न परत येतो. रॉबर्ट आयझेनबर्गर यांनी १९८६ मध्ये मांडलं की माणूस मनात सतत एक हिशेब ठेवतो, 'या संस्थेला माझी पर्वा आहे का?' तो हिशेब 'हो' असा निघाला तर ओढ वाढते. २००२ च्या त्या एकत्रित अभ्यासातही ओढ वाढवणाऱ्या कारणांत हीच जाणीव सगळ्यात ठळक निघाली, वय किंवा नोकरीची वर्षं नव्हेत. पर्वा म्हणजे पुरस्कार सोहळा नाही. रात्रपाळीनंतरचा ऑफ खरोखर मिळणं, मारहाण झाली तर अधिष्ठात्यानं स्वतः पोलीस ठाण्यात जाणं, कंत्राटी मावशीचा पगार ठेकेदारानं अडवला तर कार्यालयानं त्याचं बिल अडवणं, याला पर्वा म्हणतात. आणि यातल्या बहुतेक गोष्टींना मंत्रालयातून निधी मागावा लागत नाही.

वर्षभरानं वडिलांच्या तपासणीसाठी मी त्याच रुग्णालयात गेले. वॉर्डाच्या दारात त्याच मावशी. कोट आता निळा होता. वडिलांना ओळखून म्हणाल्या, "बाबा, चालायला लागलात की!" मी विचारलं, "नवी कंपनी का?" त्यांनी कोटाकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहताहेत. "हो, एप्रिलपासनं. नाव काय बाई त्याचं..." आणि बादली उचलून त्या बेड नंबर नऊकडे गेल्या.